नलूताईंनी परत घेतलेला बोनस

नलूताईंबद्दल चांगलं लिहायला बसले आहे, म्हणून आधी माझं वाईट कबूल करते. गेल्या वर्षी पितृपक्षात ह्या बाई माझ्या घरी आल्या आणि मी त्यांना साधं पाणीही न विचारता त्यांच्याशी भांडले. भांडण सात हजार एकशे पंचाहत्तर रुपयांचं होतं. हा आकडा मला आजही कोणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल.

नलूताई कापगते. वय बासष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. भंडारा जिल्ह्यात लाखांदूरकडे धान पिकवणारं त्यांचं माहेर. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून भिलाईत आल्या. नवरा, भैयालाल, तिथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटच्या प्लेट मिलमध्ये. चौतीस वर्षं सेक्टरच्या क्वार्टरमध्ये काढली आणि रिटायर झाल्यावर भिलाईतच, रिसालीत, स्वतःचं छोटं घर बांधलं. नलूताई मॅट्रिक पास आहेत आणि ही गोष्ट त्या कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. स्कूटी चालवतात, म्हणजे स्कूटीवर बसून दोन्ही पायांनी रस्ता चाचपत जातात. मागच्या गाड्या हॉर्न देऊन दमतात, पण ह्या बाजूला होत नाहीत. बेरीज करताना त्यांचे ओठ हलतात. त्या वेळी त्यांच्याशी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि बोलणाऱ्याकडे असं पाहतात, की त्यानं पुन्हा त्या वाटेला जाऊ नये.

रिसालीतल्या आमच्या मराठी महिला मंडळाच्या त्या बावीस वर्षं खजिनदार. आम्ही चोवीस जणी. बहुतेकींचं मूळ भंडारा-गोंदियाकडचं. मी तेवढी रायपूरची, तीन पिढ्यांपासून शहरात रुजलेल्या घरातली, 'मला-तुला' म्हणणारी. लग्न होऊन इकडे आले तेव्हा ह्यांचं 'मले-तुले' ऐकून मला हसू यायचं. आता माझी मुलगी मिताली मला हसते, कारण रागावले की माझ्याही तोंडून 'का'च्या जागी 'कावून' निघतं.

मंडळाची मालमत्ता म्हणजे पितळेची भांडी. मोठे गंज, म्हणजे पातेली, पराती, कढया, झारे, सगळं मिळून चारशे दहा किलो. सत्त्याऐंशी साली तेव्हाच्या चोवीस बायकांनी नवऱ्यांच्या बोनसमधून प्रत्येकी एक हजार पंचवीस रुपये काढून ती घेतली होती. त्यात माझ्या सासूबाईही होत्या. त्यांच्यानंतर त्यांची जागा मला मिळाली, फुकट. लग्नाकार्याला भांडी भाड्यानं जायची. त्या भाड्यातून कल्हई, हमाली आणि भांडी ठेवायच्या खोलीचं भाडं वजा करून जे उरेल ते दसऱ्याच्या आधी सगळ्यांना सारखं वाटायचं. ह्या वाटपाला आमच्यात बोनस म्हणतात. भिलाईत दसऱ्याच्या आधी घरात येईल तो पैसा बोनसच. प्लांटचा बोनस यंदा किती जाहीर होणार यावर इथे ऑगस्टपासून चहाच्या टपरीवर वाद सुरू होतात, आणि एकदा जाहीर झाला की घरोघरी खरेदीच्या याद्या निघतात. आमच्या मंडळाचा बोनस आपला दोनशे, अडीचशे, एकदा चुकून तीनशे चाळीस. त्याच्या कोणी याद्या करत नव्हतं.

गेल्या वर्षी ती भांडी विकायची ठरली. दुर्गचा कल्हईवाला म्हातारा झाला होता, एकेक गंज उचलायला चार माणसं लागायची, आणि लॉनवर लग्न करणारे लोक केटररचीच भांडी वापरायचे. मे महिन्यात व्यापारी आला. नलूताईंनी त्याला तीन दिवस घुमवला, दोनदा परत पाठवला आणि किलोला चारशे पंचावन्नवरून चारशे ऐंशीवर आणला. एक लाख शहाण्णव हजार आठशे रुपये! मंडळाच्या खात्यात एवढी रक्कम कधीच आली नव्हती. पासबुक घेऊन त्या तेवीसही घरी फिरल्या. सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं.

आणि मग त्यांच्या हातून चूक झाली. चूक भिलाईतल्या बाईनेच करावी अशी. भांडी मुळात चोवीस हजार सहाशेची. तेवढे त्यांनी भांडवल म्हणून बाजूला ठेवले, इथपर्यंत ठीक. उरले एक लाख बहात्तर हजार दोनशे. हा झाला नफा. आणि चौतीस वर्षं ज्या घरानं प्लांटचा पगार खाल्ला, त्या घरात नफा म्हटलं की पुढचा शब्द बोनस. त्यांनी ती रक्कम रजिस्टरात वर्षभराच्या भाड्याच्या खालीच लिहिली, भाड्यातून उरलेल्या चार हजार आठशेत मिळवली, चोवीसनं भागली, आणि गणपतीच्या पाचव्या दिवशी आरती झाल्यावर सरळ माइक हातात घेतला.

"बायांनो, यंदाचा बोनस एकीले सात हजार तीनशे पंचाहत्तर!"

काय आरडाओरडा झाला म्हणता! रुक्माबाई आमच्यात सगळ्यांत जुन्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी तिथल्या तिथे फुगडीला हात पुढे केले. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही, म्हणून पुढच्या आठवडाभरात सगळ्यांनी खरेदीची घाई केली. मथुरानं सुनेसाठी चांदीच्या पैंजणांना हजार रुपये विसार दिला. मी बाल्कनीसाठी वेताचा झुला आणला, सहा हजार नऊशेचा, उधारीवर. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, पण इथे तुरी निदान माइकवरून जाहीर झाल्या होत्या.

दरवर्षी मंडळाचे हिशेब देवीदासजी तपासून सही करतात. ते प्लांटच्याच हिशेब खात्यातून रिटायर झाले, राहतात स्मृती नगरात, आणि सहीची फी म्हणून नलूताईंच्या हातच्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेतात. पितृपक्ष लागला आणि नलूताई रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे गेल्या, त्या दिवशी त्यांनी दोन वड्या खाल्ल्या, रजिस्टर उघडलं आणि तिसरी वडी तशीच ठेवली. पुढचं बोलणं नलूताईंनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं आहे, की मी तिथेच होते असं मला वाटतं.

"नलूबाई, हे भाड्याचे पैसे पुढल्या साली पुन्हा येतीन?"

"येतीन न. कमी-जास्त."

"आन् हे एक लाख बहात्तर? पुढल्या साली काय इकसान, मंडळाची सतरंजी?"

मग देवीदासजींनी पेन्सिलनं दोन रकमांच्या मध्ये आडवी रेघ मारली. "पाहा. धंदा करून जो येते, तो महसुली नफा. भाडं आलं, खर्च गेला, उरलं थे वाटा. पन ज्या वस्तूवर धंदा चालते थेच इकून जो येते, तो भांडवली नफा. थो सालाची कमाई नोहे. त्याले राखीव खात्यात टाकावं लागते, त्यातून पुन्हा कमाईची वस्तू घ्याव लागते."

"आन् वाटलाच त?"

"वाटा न, भांडे तुमचेच होते. पन त्याले बोनस म्हनू नोका. भांडे इकून खाल्ले, असं लिवा."

नलूताईंना ते एका क्षणात कळलं, कारण हिशेबाच्या आधी त्यांना शेती कळत होती. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा एक बांधी विकली होती, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. "त्या साली घरात रेडिओ आला, समद्याइले कपडे आले," त्या म्हणाल्या. "गावातले लोकं म्हनत, यंदा कापगत्याचे धान जोरदार पिकले. धान कायचे पिकले जी! बांधी गेली होती. मी बी तसंच लिवलं काय हो? बांधी इकली आन् पीक म्हनून लिवलं?"

"तसंच," देवीदासजी म्हणाले, आणि मग त्यांनी तिसरी वडी खाल्ली.

घरी येऊन नलूताईंनी भैयालालभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे न, दे वाटून. किसको समझता है?" खरंच होतं ते. बावीस वर्षांत नलूताईंचं रजिस्टर आमच्यापैकी एकीनेही उघडून पाहिलं नव्हतं. ते न पाहणं हीच त्यांची कमाई होती. आता गप्प बसल्या तर ती खोटी ठरणार, आणि बोलल्या तर तेवीस जणींसमोर मातीत जाणार.

"तुमचा बोनस चौतीस साल जाहीर झाला," त्यांनी नवऱ्याला विचारलं. "एकदा तरी जाहीर करून परत घेतला काय कोनी?"

"नाही."

"मंग मीच पयली," असं म्हणून त्यांनी स्कूटीची चावी घेतली.

बोनस वाटायच्या सभेला पाच दिवस होते. सभेत माइकवर एकदाच सांगून मोकळं होता आलं असतं. पण नलूताई म्हणाल्या, माइकवर बोलताना समोरच्याचं तोंड दिसत नाही. म्हणून तेवीस घरी स्वतः जायचं ठरवलं. मथुराच्या घरी त्यांनी तासभर बसून रडणं ऐकून घेतलं. रुक्माबाईंनी पूर्ण ऐकलं आणि फक्त "बरं" म्हटलं, आणि त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात नलूताईंचा पुढचा दिवस गेला. चौथ्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या.

मला बातमी आधीच लागली होती. मी दारातच म्हटलं, "ताई, पितळ आमचं होतं ना?"

"तुमचंच."

"मग नफा आमचा ना?"

"तुमचाच हाय माय."

"मग आमच्याच पैशाला तुम्ही कुलूप कावून लावून राहिल्या?"

"कुलूप नाही लावून राहिली वं. पैशाले कामाले लावून राहिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना बाल्कनीत नेलं आणि झुला दाखवला. हा मी तुमच्या शब्दावर आणला, आता दुकानदाराला काय तोंड दाखवू? नलूताई झुल्यावर बसल्या. पाय जमिनीला लागेनात, म्हणून तशाच लोंबकळत राहिल्या.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "माधवी, हा इकून जर पैसे आले, त त्याले तू झुल्याची कमाई म्हनशीन काय?"

"मला उदाहरणं देऊ नका!" मी ओरडले. "तुम्ही चुकलात ते सांगा!"

"थेच त सांगाले आली," त्या शांतपणे म्हणाल्या. "चुकलं माझं. पूर्णच चुकलं."

चुकलं म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा मोठा त्रास आहे. त्या गेल्यावर मी नवऱ्याशी, सुमंतशी भांडले आणि सभेसाठी भाषण लिहून काढलं. दोन पानं. सुमंत वाचून म्हणाला, "घरात वकील आहे आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही."

सभा रविवारी मंदिरामागच्या हॉलमध्ये. चोवीसच्या चोवीस हजर, कधी नव्हे ते वेळेवर. नलूताईंनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या: रजिस्टर, कपाटाच्या किल्ल्या आणि पाकिटांचा एक गठ्ठा. मग माइक घेतला.

"गणपतीत मी ह्याच माइकवर बोलली. थे चुकीचं होतं. भांड्याच्या भाड्यातून सालभरात उरले चार हजार आठशे. एकीले दोनशे. हाच यंदाचा बोनस. बाकीचे भांडे इकून आले. त्याचे मी स्टीलच्या थाळ्या घ्याव म्हनते. तीनशे थाळ्या, वाट्या, गिलास, चार स्टीलचे गंज, दोन भट्ट्या. आता लग्नं लॉनवर होतात, पन रिटायरमेंटचं जेवन घरासमोरच होते न? दर महिन्याच्या आखरीले कोनी ना कोनी प्लांटातून रिटायर होतेच. त्याइले थाळ्या लागतीनच."

थाळ्यांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. दर महिनाअखेरीस त्या थाळ्या रिसालीत या गल्लीतून त्या गल्लीत फिरतात, आणि यंदा प्रत्येकीला सहाशे चाळीस रुपये मिळाले. झुला दुकानदारानं परत घेतला नाही. त्याचे पैसे मी सात महिने घरखर्चातून फेडले.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. नलूताईंनी पाकिटांवर हात ठेवला. "ह्यात सात हजार एकशे पंचाहत्तर हायेत, चोवीस पाकिटं, मोजून आनले. पैसा तुमचा हाय. ज्याले पायजे त्यानं आताच घ्यावा, मी एक शब्द बोलनार नाही. फक्त रजिस्टरात नवं पान केलं हाय, तिथं सही कराव लागते." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे सरकवला. "आन् खजिनदार तुमी दुसरी पाहा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझ्या भाषणाची बातमीही आधीच पसरली होती. मी उठले. दोन पानांची घडी हातात, टेबलापाशी गेले. माझ्या नावाचं पाकीट उचललं, चांगलं जाड होतं. पेन घेतलं आणि पानावरचं शीर्षक वाचलं. नलूताईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'भांडे इकून घेतले.' खाली चोवीस रिकाम्या ओळी.

मी सही करणारच होते, खोटं कशाला बोलू. पण त्या चोवीस ओळींवरून मला सत्त्याऐंशी सालच्या चोवीस जणी आठवल्या. सासूबाईंनी तेव्हा एक हजार पंचवीस रुपये घातले होते. मी एक पैसाही घातला नव्हता. तरी पंधरा वर्षं दर दसऱ्याला हात पुढे करून बोनस घेतला होता, त्याची चाट खाल्ली होती आणि वर रक्कम कमी म्हणून नाकही मुरडलं होतं. तो बोनस मला मिळत राहिला, कारण माझ्या आधीच्या कोणीही मूळ वाटून घेतलं नव्हतं. आणि वाटायची पाळी आली तेव्हा टेबलापाशी पहिली उभी कोण? तर मी. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

मी पाकीट परत ठेवलं आणि म्हटलं, "मले दोनशेच द्या." रागानेच म्हटलं. राग गेला नव्हता, फक्त त्याचं तोंड माझ्याकडे वळलं होतं.

मग मथुरा उठली. "माझे बी थाळ्यात टाका. पैंजन संक्रातीले घेईन." मग एकेक करत सगळ्या बोलू लागल्या. दोघींनी पाकीट घेतलं. एकीच्या घरी मोठं आजारपण होतं, दुसरीचं कारण तिचं तिला ठाऊक. नलूताईंनी दोघींच्या सह्या घेतल्या, दोघींना कुंकू लावलं आणि पाकिटं त्यांच्या हातात दिली. त्या दोघींबद्दल मंडळात आजपर्यंत कोणी एक शब्द काढलेला नाही, मीसुद्धा नाही, आणि मला ते जड जातं.

किल्ल्या मात्र टेबलावरच पडून होत्या. नलूताई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. शेवटी रुक्माबाई काठी टेकत आल्या, जुडगा उचलला आणि नलूताईंच्या कमरेला स्वतः खोचला. "चुकलं म्हननारी खजिनदार एकच हाय आपल्यापाशी," त्या म्हणाल्या. "दुसरी आता म्या कुठून आनू?"

तेव्हा नलूताई रडल्या. पदरानं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि पुन्हा माइक धरला. सभेचं काम अर्धवट ठेवणं त्यांना जमत नाही.

"त मंग," त्या म्हणाल्या, "मंडळाचा यंदाचा बोनस, एकीले दोनशे रुपये."

गणपतीत सात हजारांना जेवढ्या टाळ्या पडल्या होत्या, त्याच्या दुप्पट त्या दोनशेला पडल्या. माझे तळवे लाल झाले. कोणीतरी शिटी मारली, आणि ती रुक्माबाईंनीच मारली असा माझा आजही संशय आहे. नलूताई हात वर करून सगळ्यांना थांबवत होत्या, कारण त्यांचं एक वाक्य राहिलं होतं.

"हे दोनशे कमावलेले हायेत बायांनो," त्या म्हणाल्या. "हे तुमच्यापासून कोनीच मांगं घेऊ शकत नाही. मी बी नाही."